अ.पा.क. रायबागन

पैनगंगा पुलावर आली की धनोड्याच्या अलीकडे अडकलेली माणसं दोनच कामं करतात. पाणी किती उतरलं ते बघत उभी राहतात, नाहीतर वाद घालतात. त्या श्रावणात आम्हाला माहूरला जायचं होतं, रेणुकेच्या दर्शनाला. मामांच्या गावापासून नदी जवळ, नदीपासून माहूर जवळ, पण पुलावरून पाणी वाहत होतं. परत मामांच्या ओसरीवर येऊन बसलो. मामा पुसदच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मी उमरखेडच्या कोर्टात वकिली करते, त्यातही बहुतेक शेतजमिनीची, वारसाची प्रकरणं. आदल्या रात्री मामांच्या नातवानं ‘फत्तेशिकस्त’ बघितला होता. त्यानं सकाळी सहज विचारलं, “आबा, ती रायबागन व्हिलन होती काय?” मामा म्हणाले, “होय.” पोरगा खेळायला निघून गेला. मला मात्र तो ‘होय’ गिळवेना.

मी : मामा, एवढ्या लवकर होय? ज्या माहूरला आपण निघालो होतो तिथलीच ती. तिच्या घराण्याचा अंमल आपल्या या काठावर होता. तुम्हीच सांगता नं, अकबराच्या काळात आजचा यवतमाळ जिल्हा बव्हंशी वऱ्हाड सुभ्यातल्या दोन सरकारांत होता, एक कळंब आणि दुसरं माहूर. म्हणजे महागाव-उमरखेडची माणसं ज्यांना देशमुख म्हणत, त्यांच्या घरातली बाई. आणि तुम्ही तिला एका शब्दात निकालात काढता.

मामा : एका शब्दात विचारलं, एका शब्दात सांगितलं. आठ वर्षांच्या पोराला मी मनसबदारी पद्धत शिकवू काय? ती कारतलबखानासोबत महाराजांवर चालून आली होती. २ फेब्रुवारी १६६१. उंबरखिंड. यात खोटं काय आहे?

मी : खोटं काही नाही. पण पूर्ण सांगा.

मामांना एवढंच हवं होतं. उंबरखिंड हा त्यांचा हातखंडा धडा. फळ्यावर ते नेहमी आधी सह्याद्री काढत, मग त्यात एक चिंचोळी वाट, आणि मुलांना विचारत, इथून हत्ती जाईल का?

मामा : शाहिस्तेखान पुण्यात लाल महालात बसलेला. त्यानं कारतलबखान उझबेगाला कोकणात उतरायला सांगितलं. गुपचूप. लोहगडाच्या बाजूनं, लोणावळ्याजवळून कुरवंड्याच्या घाटानं खाली. वर पठार, खाली कोकण, आणि मधे ही उंबरखिंड, चावणी गावाजवळ. वाट एवढी अरुंद की फौजेला रांग धरून चालावं लागतं. दोन्ही अंगाला डोंगर, दाट रान. त्या रानात मावळे आधीच दबा धरून बसलेले. खान येऊ दिला, पूर्ण आत येऊ दिला. पुढची वाट बंद, मागची वाट बंद. वरून बाण, दगड, बंदुका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी नाही. माणूस तलवारीला तोंड देतो, तहानेला नाही देत. तिथं खानानं गुडघे टेकले. खंडणी दिली, सामान टाकलं, आणि महाराजांनी जाऊ दिलं म्हणून जिवंत गेला.

मी : आणि त्याला शरण जा म्हणून कुणी सांगितलं?

मामा : हं. आता तू शिवभारतावर येणार.

मी : येणारच. कवींद्र परमानंदानं संस्कृतात लिहिलेलं काव्य. महाराजांच्या पदरचा कवी. त्यात खानाला भानावर कोण आणतं? रायबागन. ती त्याला सुनावते की सिंहाच्या रानात शिरलास तीच चूक, आता दिल्लीची फौज या अंधारात बुडवू नकोस, आत्ताच्या आत्ता तह कर. त्या अख्ख्या फौजेत अक्कल शाबूत असलेलं माणूस एकच, आणि ती बाई होती. शत्रूच्या कवीनं ही नोंद केली.

मामा : शत्रूच्या कवीनं केली म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. तू वकील, साक्षीदार कोणाचा ते आधी बघायला पाहिजे तू. परमानंदाला तिचं कौतुक करायचं नव्हतं. त्याला महाराजांचं कौतुक करायचं होतं. आपल्या माणसानं महाराजांना सिंह म्हटलं तर त्यात काय नवल? शत्रूच्या सरदारणीनं म्हटलं तर वजन येतं. ते बोलणं तिचं नाही, कवीनं तिच्या तोंडी घातलेलं. तिचा खरा शब्द आपल्यापर्यंत एकसुद्धा आला नाही.

मी गप्प राहिले. मुद्दा बरोबर होता. कोर्टात असता तर मी ‘हरकत नाही’ म्हणून पुढं गेले असते. पण एक गोष्ट मनात राहिली. कवीला त्या फौजेत शहाणपण ठेवायला दुसरं तोंडही मिळालं असतं. ऐकणाऱ्यांना पटेल असं तोंड त्यानं निवडलं असणार.

मी : बरं, बोलणं सोडा. त्या फौजेत आणखी कोण होतं ते सांगा. शिवभारतात यादी आहे.

मामा : कोकाटे होते. गाढे होते. चव्हाण होते.

मी : आणखी?

मामा : (हसून) जाधवराव होते.

मी : सिंदखेडचे. जिजाऊंचं माहेर. आजचा बुलढाणा जिल्हा, वऱ्हाडचंच घराणं. मग तुमच्या नातवानं जाधवरावांचं नाव घेऊन का नाही विचारलं, ते व्हिलन काय म्हणून? कोकाट्यांचं तर नावही कुणाला ठाऊक नाही. खिंडीत एवढे सरदार अडकले, आणि तीनशे साठ वर्षं सगळ्यांच्या वाटणीचं बोलणं एकटी बाई खाते. तिच्या किताबात वाघीण आहे म्हणून?

मामा : किताब कोणी दिला ते बघ. औरंगजेबानं. वऱ्हाडात हरचंदरायानं बंड केलं, हिनं ते मोडलं, म्हणून ‘पंडिता’ आणि ‘रायबागन’. खरं नाव सावित्री म्हणतात. म्हणजे नाव बदललं ते आलमगिराच्या दरबारात. मोठा मान होता तो तिच्या लेखी.

मी : लखूजीरावांनाही मोगलांनी मान दिला होता. निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, परत निजामशाहीत आले, आणि १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात मुलांसकट मारले गेले. शहाजीराजे निजामशाहीत, मग काही काळ मोगलांकडे, परत निजामशाहीचा खेळ उभा करायला, शेवटी विजापूरकडे. तेव्हाच्या मोठ्या घरांना चाकरी म्हणजे पावसाळ्यातली छत्री होती मामा. ज्या अंगानं पाऊस त्या अंगानं धरायची.

मामा : शहाजीराजांची छत्री कोणाच्या डोक्यावर होती ते विसरू नको. त्या पोरानं स्वराज्य उभं केलं. माणूस शेवटावरून मोजतात.

मी : मुलाच्या शेवटावरून बापाला मोजायचं, आणि सावित्रीबाईला?

मामा : तिच्या मालकाच्या शेवटावरून. चालून आली कोणाकडून? मंग?

वऱ्हाडी ‘मंग’ आला की समजावं, मामा मास्तरकी सोडून भांडायला बसले. मामी आतून चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी एकच विचारलं.

“तिचं माहेर कुठलं होतं?”

मामा म्हणाले, “पुस्तकं सासरपासून सुरू होतात.” मामी ‘अस्सं’ म्हणून आत गेल्या. त्यांचं स्वतःचं माहेर दिग्रसकडचं, आणि या गावात चाळीस वर्षं काढूनही बाया त्यांना दिग्रसवाली म्हणतात. त्या सुरात काही टोमणा होता का ते मला कळलं नाही.

मी : चला, सासरपासून सुरू करू. उदाराम. मलिक अंबरच्या चाकरीत वर आलेला माहूरचा ब्राह्मण. जहांगिराच्या काळात तो मोगलांकडे आला.

मामा : आणि नुसता आला नाही. १६२३ मध्ये शाहजादा खुर्रमनं बापाविरुद्ध बंड केलं, पाठलागानं तो दक्षिणेत पळाला, आणि गोवळकोंड्याकडे जाताना माहूरला थांबला. हत्ती आणि जड सामान उदारामाच्या हवाली करून तो पुढं निघाला. हा खुर्रम म्हणजे पुढचा शाहजहान. विचार कर, बादशहाच्या बंडखोर पोराचे हत्ती सांभाळायचे, आणि बादशहाचीही मर्जी राखायची. पुढं पोरगाच बादशहा झाला. उदारामाचं नशीब.

मी : नशीब नाही, तोल. तोच तोल पुढं घरच्या बाईनं सांभाळला. १६३३ मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतलं, त्या सुमाराला उदाराम गेला. मुलगा जगजीवन. त्याला बापाची मनसब मिळाली आणि बापाचंच नाव मिळालं. तोही ‘राजे उदाराम’. आता पुढची पंचाईत बघा. काही सांगतात रायबागन ही उदारामाची बायको, जगजीवनाची आई. काही सांगतात जगजीवनाची बायको, बाबूरावाची आई. दोन उदाराम, त्यामुळे ‘उदारामाची बायको’ म्हटलं की दोन्ही बरोबर.

मामा : आणि तू कोणाच्या बाजूची? कारण १६३३ ते १६६१ ही अठ्ठावीस वर्षं. जगजीवनाची आई म्हणून ती लढाईला आली असेल, तर मुलगा किती दिवस लहान राहील? निदान अठ्ठावीस वर्षांचा घोडा झाला असेल तो. स्वतः लढाईला यायचा.

मी : म्हणून मला ती सून वाटते. धाकटा वारस घरात, आणि दारात चाकरीचं बोलावणं. पण बघा, सासू की सून हे ठरवायला आपल्याला अठ्ठावीस वर्षांची वजाबाकी करावी लागते. घराच्या नावानं आतल्या बायांची नावं गिळली.

मामा : ते सोड. मला हे सांग, बाई लढाईला कशाला गेली? देशमुखी तर वतन. वतन पिढीजात. घरी बसून साऱ्यातला रुसूम घेता आला नसता काय? मी पोरांना हे नेहमी समजावायचो. जहागीर आज आहे उद्या नाही, वतन मात्र पाटीवरच्या अक्षरासारखं नाही, दगडावरच्या अक्षरासारखं.

इथं मी सरसावून बसले. जमिनीचा विषय निघाला की माझी जीभ वळते.

मी : मामा, दगडावरचं अक्षर कोरायला छिन्नी कोणाच्या हातात? तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मनसब म्हणजे दरबारातली पायरी, ती एका माणसाची, तो मेला की संपली. जहागीर म्हणजे त्या पायरीचा पगार, जमिनीच्या सारारूपानं दिलेला, आणि जहागिरी मोगल सारखे बदलत. तिसरं वतन, ते खरोखर पिढीजात. पण माहूरसारख्या घरात तिन्ही एकमेकांत गुंतलेली. सरदार मेला की दरबार आधी हिशेब मागे. सरकारची बाकी किती, ‘मुतालबा’ किती, ती चुकती होईपर्यंत मेलेल्याच्या मालमत्तेवर हात. लहान पोरगा ना घोडदळ आणू शकतो, ना हजेरी देऊ शकतो. मग शेजारचा कोणी, चुलता, नातलग, ‘मी चाकरी करतो, वतन मला द्या’ म्हणून सुभेदाराकडे जाणारच. हरचंदरायाचं बंड मोडणं, उंबरखिंडीला फौज घेऊन येणं, हे माझ्या दृष्टीनं हजेरीच. घोडे दाखवले, पाऊल दाखवलं. घर जिवंत आहे, वाटून घेऊ नका.

मामा : हे तुझं अनुमान.

मी : अनुमानच. पण माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या बाईची गोष्ट तीच आहे, म्हणून अनुमान करते. तुम्हाला दुसरी एक बाई सांगू? इंग्लंडातली. निकोला द ला हे. बाराव्या-तेराव्या शतकातली. लिंकनच्या किल्ल्याची किल्लेदारी तिच्या बापाची, बापाला मुलगा नव्हता, म्हणून ती तिच्याकडे आली.

मामा : आली म्हणजे नवऱ्याकडे आली असणार.

मी : कायद्यानं तसंच. नवरा जेरार्ड द कॅमव्हिल. पण ११९१ मध्ये राजाच्या माणसांनी लिंकनला वेढा घातला तेव्हा नवरा दुसरीकडे, किल्ला हिनं चाळीस दिवस लढवला. पुढं विधवा झाली. म्हातारपणी तिनं किल्ल्याच्या किल्ल्या जॉन राजापुढं ठेवल्या, की मी थकले, आता दुसऱ्याला द्या. राजानं त्या तिच्याच हाती परत दिल्या. १२१६ मध्ये, तो मेला त्याच दिवशी, तिला परगण्याची शेरीफ नेमलं. १२१७ मध्ये फ्रेंच आणि बंडखोर उमरावांनी लिंकन शहर घेतलं, किल्ला मात्र तिच्या हातून गेला नाही. २० मे १२१७ ला सुटकेची फौज आली, मोठी लढाई झाली, राज्य वाचलं. आणि चार दिवसांनी तिचं शेरीफपद गेलं.

मामा : चार दिवसांनी? कोणाकडे?

मी : सॅलिसबरीच्या अर्लकडे, विल्यम लाँगेस्पे. जॉन राजाचा सावत्र भाऊ. त्याला किल्लाही पाहिजे होता. त्याच्या मुलाचं लग्न निकोलाच्या नातीशी, इडोनियाशी ठरलेलं. म्हणजे घरातला व्याहीच. तो म्हणत होता, म्हातारीनंतर हे नातीकडे येणार, नात आमची, मग आत्ताच द्या. ती भांडली आणि किल्ला १२२६ पर्यंत ठेवला. नंतर चार वर्षांनी गेली.

मामा : व्याह्यानं! (थोडं थांबून) आमच्या इथल्यासारखंच की.

मी : सारखं नाही, एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. तिथं धनवान विधवेचं दुसरं लग्न लावून देण्याचा हक्क राजा विकायचा. जो जास्त पैसे देईल त्याला बाई आणि तिची जमीन. म्हणूनच १२१५ च्या मॅग्ना कार्टात कलम घालावं लागलं, की विधवेला तिच्या मनाविरुद्ध लग्न करायला लावू नये. तिथं विधवेचा हात हीच मालमत्ता. इथं माहूरच्या ब्राह्मण देशमुखाच्या विधवेचं दुसरं लग्न होणारच नव्हतं. रूढीनं तिचं आयुष्य बंद केलं, पण त्याच रूढीनं तिच्याकडून वतन दुसऱ्या घरात जायची वाटही बंद केली. ती कुठं जाणार नव्हती, म्हणून घराला ती वारसाची आई म्हणून चालली. आडवी वाट, पण सत्तेची वाट.

मामा : केशवपन आणि सत्ता एकत्र. हे बोलायला छान आहे.

मी : छान नाही, वाईटच आहे. पण तसं होतं. आपल्या पलीकडच्या अंगालाही बघा. वणी, केळापूरकडचा मुलूख चांद्याच्या गोंड राजांचा. तिथली राणी हिराई. बीरशहा मारला गेला, तिनं दत्तक मुलगा रामशहाच्या नावानं कारभार चालवला. चंद्रपुरात नवऱ्याची समाधी बांधली, महाकालीचं देऊळ बांधलं. तिचं नाव उरलं कारण तिनं दगड रचले. माहूरच्या बाईनं फौज नेली, आणि ती ज्या खिंडीत हरली त्या खिंडीपुरती उरली.

पावसानं परत जोर धरला. पत्र्यावर एवढा आवाज की काही वेळ बोलता येईना. मामा खांबाला टेकून नदीच्या दिशेला बघत राहिले. जेव्हा बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि मला तेच जास्त अवघड गेलं.

मामा : हे बघ पोरी, तुझं सगळं मान्य करतो. महाराजांच्या विरुद्ध आली म्हणून वाईट, हा माझा मुद्दा लेचापेचा आहे. कोकाटे आले, जाधव आले. बाई म्हणून तिला वेगळं मोजू नये, ठीक. पण मग बाई म्हणून तिला सूटही देऊ नको.

मी : सूट कुठं देते मी?

मामा : देतेस. तू म्हणतेस तिनं घर वाचवलं. कशानं वाचवलं? घोडे हवेत उडत आले काय? घोड्यांना चंदी लागते, शिपायांना पगार लागतो, दरबाराला नजराणा लागतो. देशमुख सारा गोळा करणाऱ्यांत, आणि त्यातला रुसूम घरात. १६३० ते ३२ या सालांत दक्षिणेत केवढा दुष्काळ पडला होता. माणसं गावं सोडून गेली. त्या जखमा भरल्या नसतील तोच दोन्हीकडच्या फौजा मुलूख तुडवत होत्या. उमरखेडचा, महागावचा कुणबी ज्वारी पिकवत होता, आणि त्या ज्वारीतून माहूरच्या घराचं नाव दरबारात हजर राहत होतं. त्या कुणब्याच्या बायकोचा नवरा मेला तर तिचं काय झालं असेल, हे तू सांगितलं नाहीस. तिच्याकडे घोडे नव्हते.

मी : ...

मामा : मी वर्गात तीस वर्षं महाराजांचा सारा, मलिक अंबरचा सारा, मोजणी, प्रत, सगळं शिकवलं. देशमुख आले की मुलं म्हणायची, सर, आमचे आजे देशमुख होते. आनंदानं म्हणायची. एक पोरगं होतं, त्याचं आडनाव सांगत नाही, ते कधी बोललं नाही. निकाल घेऊन गेलं तेव्हा म्हणालं, सर, आमचे आजे सारा भरायचे.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. निकोलाच्या किल्ल्यालाही कोणीतरी धान्य पुरवलंच असेल, त्या चाळीस दिवसांचं पीठ कुठून आलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. किल्लेदारीण आवडली आणि पीठ विसरले.

पण एक गोष्ट मला सांगायचीच होती, आणि ती कायद्याची नव्हती.

मी : मामा, गेल्या महिन्यात माझ्याकडे एक बाई आली. नवऱ्यानं जीव दिला होता. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही, म्हणून पुढचं सांगत नाही. दोन मुलं, एक सात वर्षांचा, एक चार. चार एकर कोरडवाहू. तलाठ्याकडची वारस नोंद झाली होती. तिनं सातबारा माझ्यापुढं ठेवला. कायद्यानं १९५६ पासून बायको, मुलं, मुली, आई सगळे पहिल्या वर्गाचे वारस. त्यामुळे तिचं नाव हक्कानं यायला पाहिजे होतं. दिरानं सगळं पुढं होऊन केलं होतं, तिच्याकडून कुठं कुठं अंगठा घेतला होता. सातबाऱ्यावर दोन मुलांची नावं होती. आणि पुढं लिहिलं होतं, अ.पा.क. आई.

मामा : अज्ञान पालनकर्ता.

मी : हो. तिला वाटलं, माझं नाव आलं. मला विचारलं, वकीलीणबाई, माझं नाव आहे नं? आहे. आई म्हणून आहे. मालक म्हणून नाही. ते तिला कसं समजावू ते मला दोन मिनिटं सुचेना. त्या दिवशी घरी येताना मला माहूरची बाई आठवली. चारशे वर्षांच्या हिशेबात कुठं नेऊन ठेवायची तिला, व्हिलनमध्ये की राणीमध्ये, तो माझा प्रश्नच नाही. मला ती सातबाऱ्यावर दिसली. बाबूराव उदाराम, अ.पा.क. आई रायबागन.

मामा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मास्तर लोक उत्तर शोधताना असं करतात. मग म्हणाले,

मामा : पोरगं अठराचं झालं की त्या नोंदीचं काय होतं?

मी : अर्ज द्यायचा. त्याला नाव आहे, ‘अ.पा.क. शेरा कमी करणे’.

मामा : म्हणजे आईचं नाव निघून जातं.

मी : निघून जातं. हल्ली ऑनलाइनसुद्धा होतं.

मामा : बाबूराव मोठा झाल्यावर रायबागनचं काय झालं?

रस्त्यावरून कोणीतरी ओरडत गेलं की पूल मोकळा झाला, पाणी उतरलं. मामी आतून ओटी घेऊन आल्या. नारळ, खण, हळदकुंकू, सगळं सकाळपासून बांधून तयार होतं. चप्पल घालता घालता त्यांनी मला विचारलं, “आमच्या सातबाऱ्यावर मी आहे का गं?” मी मामांकडे बघितलं. मामांनी मोटरसायकलची किल्ली शोधायला सुरुवात केली होती, आणि ती त्यांच्याच खिशात होती.